फिरस्त्याचं देणं

बालीतल्या चांगगू गावात दोन भातखाचरांच्या मधून सिमेंटचा एक चिंचोळा रस्ता जातो. समोरासमोर दोन गाड्या आल्या की एकीला मागे सरावं लागतं, आणि मागे सरायला कुणी तयार नसतं. मग एखादीचं चाक निसटतं आणि मोटार शेतात कलंडते. तिथल्या तीन आठवड्यांच्या मुक्कामात हे मी एकदा डोळ्यांनी पाहिलं. पाच मिनिटांत गर्दी जमली. फोन बाहेर निघाले, फोटो काढून झाले, हशा पिकला. आतल्या तरुणाला लागलं नाही ना, याची सगळ्यांनी चौकशी केली, आणि ते योग्यच होतं. पण मोटारीखाली चिरडलेलं भात कुणाचं, हे त्या गर्दीतल्या एकानेही विचारलं नाही.

आजचं सदर त्या भातासाठी आहे.

माझी भाची पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम बालीत बसून करत होती. तिच्याकडेच मी उतरले होते. पुण्यात दहा वाजतात तेव्हा तिथे साडेबारा झालेले असतात, त्यामुळे तिची सकाळ मोकळी. समुद्रावर फेरी, नारळपाणी, मग लॅपटॉप. आजूबाजूला ऑस्ट्रेलियन, रशियन, जर्मन, अमेरिकन, आणि पुण्या-बंगळूरची मुलंही. सगळ्यांची ओळख एकच, डिजिटल नोमॅड. काम मन लावून करणारी, हुशार, हसतमुख मुलं. त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही. माझं भांडण आहे ते त्यांच्या तोंडी दिवसातून दहा वेळा येणाऱ्या एका शब्दाशी.

तो शब्द म्हणजे 'स्वस्त'.

घर स्वस्त, जेवण स्वस्त, मालिश स्वस्त, मोलकरीण स्वस्त. हा भाव कुणासाठी आणि कशामुळे, ते एकदा नीट मांडू. २०२५ साली बाली प्रांताचं किमान वेतन महिन्याला सुमारे ३० लाख रुपिया होतं. आपल्या पैशात सोळा हजारांच्या आसपास. याच बेटावर राहून परदेशातल्या कंपनीचं काम करणाऱ्यांसाठी इंडोनेशियाने २०२४ मध्ये वेगळा व्हिसा काढला, आणि त्याची अट आहे वर्षाला किमान ६० हजार डॉलर उत्पन्नाची. म्हणजे महिन्याला आठ कोटी रुपियांच्या पुढे. खोली झाडणाऱ्या बाईचं आणि त्या खोलीत राहणाऱ्याचं उत्पन्न यांत पंचवीस पटींहून जास्त अंतर आहे. आपण ज्याला बेटाची स्वस्ताई म्हणतो, ती त्या बाईच्या पगारातून आलेली आहे. तिला विचारा, तिच्या लेखी चांगगू कधीच स्वस्त नव्हतं, आणि दर वर्षी ते आणखी महाग होत चाललं आहे.

भाचीचा पगार त्या ६० हजारांच्या अटीत बसत नव्हता. म्हणून ती पर्यटक व्हिसावर होती. विमानतळावर पाच लाख रुपिया भरले की तीस दिवस मिळतात, एकदा आणखी तीस वाढवून मिळतात. "सगळे असेच येतात, मावशी," ती म्हणाली. मी म्हटलं, अटीत बसत नाही याचा अर्थ परवानगी नाही. त्या रात्री आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी माझं मत बदललेलं नाही. आपल्याकडे कुणी पर्यटक म्हणून येऊन वर्षानुवर्षं नोकरी करत राहिला तर आपण काय म्हणू, याचा विचार प्रत्येकाने मनाशी करावा. देश गरीब असला म्हणून त्याचा कायदा हलका होत नाही.

डिजिटल नोमॅड हा शब्द तसा जुना. त्सुगिओ माकिमोतो आणि डेव्हिड मॅनर्स या दोघांनी १९९७ मध्ये याच नावाचं पुस्तक लिहिलं, तेव्हा ते भाकीत होतं. बालीतल्याच उबुदला २०१३ मध्ये 'हुबुद' नावाचं बांबूच्या इमारतीतलं सामायिक कार्यालय उघडलं, तिथे हे भाकीत खरं होताना लोकांनी पाहिलं. पुढे करोना आला, घरून काम करायची सक्ती झाली, आणि 'घरून' या शब्दाचा अर्थ 'कुठूनही' असा झाला. कामासाठी गाव सोडावं लागू नये, हे माणसाचं फार जुनं स्वप्न. ज्यांना ते मिळालं त्यांनी ते भोगावं. पण मराठी माणसाला 'भटका' या शब्दाचं वजन ठाऊक आहे, म्हणून मी थोडं अडखळते.

आपल्याकडे पावसाळा सरला की देशावरचे धनगर मेंढरं घेऊन घाट उतरतात. कोकणात भात कापून झालेलं असतं, शेतं उघडी पडलेली असतात. शेतकरी धनगराला बोलावतो आणि रात्री आपल्या शेतात मेंढरं बसवायला सांगतो. सकाळी शेतात लेंड्या-मुताचं खत पडलेलं असतं. त्याबदल्यात धनगराला धान्य मिळतं किंवा पैसे मिळतात. मग मेंढरांचा वाडा पुढच्या शेतात. पिढ्यान्‌पिढ्या हा व्यवहार चालत आला आहे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारी ही माणसं ज्या शेतात रात्र काढतात, ते शेत पुढच्या पावसाला जास्त पिकतं. आणि याच भटक्यांना आपण रहिवासाच्या एका दाखल्यासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवायला लावतो. लॅपटॉपवाल्या भटक्याला मात्र देश पायघड्या घालतात.

तेव्हा फिरस्त्याला माझा प्रश्न साधा आहे. तुझ्या मुक्कामाने ते शेत पिकलं, की गेलं?

बालीचं उत्तर डोळ्यांसमोर आहे. तिथे जमीन 'आर'मध्ये मोजतात. आपल्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर लिहितात ना, तोच हा आर, शंभर चौरस मीटरचा. परदेशी माणसाला तिथे जमिनीची पूर्ण मालकी मिळत नाही. मग पंचवीस-तीस वर्षांचा भाडेपट्टा होतो, एका आरचा एका वर्षाचा भाव ठरतो, आणि सगळ्या वर्षांची रक्कम एकदम हातात पडते. शेतकऱ्याच्या सात पिढ्यांनी इतका पैसा एका जागी पाहिलेला नसतो. घरातलं लग्न, अंत्यसंस्काराचा मोठा विधी, मुलाचं शिक्षण, कर्ज, सगळं त्यातून निभतं. त्याने सही केली म्हणून त्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही. पण पट्टा संपेल तेव्हा त्याच्या नातवाला जमीन परत मिळेल, शेत मिळणार नाही. तिथे तलावाची फरशी आणि गंजलेल्या सळया असतील.

भाचीची घरमालकीण साठीची. आम्ही तिला तिथल्या रीतीप्रमाणे 'इबू' म्हणायचो. तिच्या घराची दोन खाचरं. वरचं दिरांनी पट्ट्याने दिलं, त्यावर पोहण्याच्या तलावासकट चार व्हिला उभे आहेत. खालचं इबूकडे आहे आणि ती अजून भात लावते. खालच्या खाचराला पाणी वरच्या खाचरातून यायचं. बांधकामात तो पाट मोडला. आता ती दर हंगामात शेजाऱ्याच्या बांधावरून वळसा घालून पाणी आणते. तिने हे रडून सांगितलं नाही. पाट दाखवला, बोटाने मोडलेली जागा दाखवली, आणि कामाला लागली.

पाट मोडण्याचा अर्थ बालीत फार खोल आहे. तिथे भाताचं पाणी 'सुबक' नावाची शेतकऱ्यांची संस्था वाटते. ही व्यवस्था हजार वर्षांहून जुनी. डोंगरातल्या सरोवरापासून समुद्रापर्यंत पाण्याच्या वाटेवर देवळं आहेत, आणि वरच्या गावाने केव्हा पेरायचं, खालच्या गावाने केव्हा, कुणी किती पाणी घ्यायचं, हे त्या देवळांत जमून ठरतं. सगळ्यांची शेतं एकाच वेळी रिकामी ठेवली की किडीला खायला उरत नाही, हे शहाणपणही त्यातच बसवलेलं. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग यांनी वर्षानुवर्षं अभ्यास करून दाखवलं, की सरकारी हरितक्रांतीने हे वेळापत्रक मोडल्यावर पाण्याची ओढाताण आणि कीड दोन्ही वाढली. युनेस्कोने २०१२ मध्ये सुबकच्या प्रदेशाला जागतिक वारसा म्हटलं.

धुळे जिल्ह्यातल्या वाचकांना हे परकं वाटणार नाही. पांझरेवरची फड पद्धत याच कुळातली. बंधारा गावाचा, पाट गावाचा, पाणी सोडायला पाटकरी, आणि एका फडात सगळ्यांनी मिळून ठरवलेलं एकच पीक. अशा व्यवस्थेत एक शेत सुटं काढता येत नाही. एकाने पाट बुजवला की खालचे दहा कोरडे पडतात. व्हिलात राहणारा स्वतः पाट बुजवत नाही, हे खरं. पण तो राहायला येणार म्हणूनच व्हिला बांधला जातो. 'मी फक्त भाडं भरलं' हे म्हणणं पुरेसं नाही.

"पण आम्ही पैसा आणतो ना?" हे उत्तर मला तिथे सगळ्यांकडून मिळालं. आणता, नक्की आणता. बालीची निम्म्याहून अधिक अर्थव्यवस्था पर्यटनावर उभी आहे. पण त्या पैशाचा भरवसा किती, तेही त्या बेटाने पाहिलं आहे. २०१९ मध्ये बालीत ६० लाखांहून अधिक परदेशी पर्यटक आले होते. करोनात सीमा बंद झाल्या आणि २०२१ च्या अख्ख्या वर्षात सरकारी नोंदीनुसार आले ५१. लाख नव्हे, हजार नव्हे, ५१ माणसं. २०२० मध्ये बेटाची अर्थव्यवस्था नऊ टक्क्यांहून जास्त आक्रसली. तेव्हा हॉटेलांतून कामावरून सुटलेली माणसं कुठे गेली? ज्यांचं शेत शिल्लक होतं ती शेतात गेली. नुसा लेम्बोंगानसारख्या छोट्या बेटांवरची समुद्रात उतरून पुन्हा शेवाळाची शेती करू लागली. पाहुण्याने पाठ फिरवली तेव्हा बालीला बालीच्या मातीने आणि पाण्याने जगवलं. तीच माती आणि तेच पाणी आपण पंचवीस वर्षांच्या पट्ट्यावर मागतो आहोत.

त्याच काळात, जानेवारी २०२१ मध्ये, बालीत राहणाऱ्या एका अमेरिकन तरुणीला सरकारने देशाबाहेर काढलं. इथे कमी पैशात थाटात राहता येतं, तुम्हीही या, कसं यायचं ते मी सांगते, असं सांगत ती पुस्तक विकत होती. सीमा बंद, हॉटेलं बंद, माणसं बेरोजगार, आणि वर हे आवतण. इंडोनेशियातल्या लोकांचा संताप उसळला, त्यात नवल नाही. आयत्या बिळावर नागोबा बसतो ते एक वेळ सोसता येतं. तो इतर नागोबांना हाक मारू लागला की बीळ राखणारा काठी उचलतोच.

न्येपीचं सांगायलाच हवं, कारण त्याची नाळ थेट आपल्या पंचांगाशी जुळते. न्येपी म्हणजे बालीचा नववर्षदिन, मौनाचा दिवस. त्यांचं वर्ष शकाचं, आणि आकडाही आपल्याच शालिवाहन शकाचा. २०२५ साली न्येपी २९ मार्चला होता, आपला पाडवा दुसऱ्या दिवशी, ३० मार्चला. दोन्हीकडे शक १९४७ लागलं. आपण गुढी उभारतो, ते थांबतात. चार नियम असतात. अग्नी पेटवायचा नाही, काम करायचं नाही, प्रवास करायचा नाही, करमणूक करायची नाही. दुसऱ्या नियमाचं त्यांच्या भाषेतलं नाव 'अमती कर्या', त्यातलं 'कर्या' म्हणजे आपलं 'कार्य'. सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशीच्या सहापर्यंत रस्त्यावर फक्त गावाचे राखणदार असतात. विमानतळ चोवीस तास बंद राहतो. २०१८ पासून मोबाइलचं इंटरनेटही त्या दिवशी बंद ठेवतात.

चाळीस लाखांहून अधिक माणसांचं बेट पाहुण्यांकडे वर्षातला एकच दिवस शांतता मागतं. तरी २०२३ च्या न्येपीला समुद्रकिनाऱ्यावर तंबू ठोकून बसलेल्या एका परदेशी जोडप्याला देशाबाहेर घालवावं लागलं. काही जण त्या दिवसापुरते शेजारच्या लोम्बोकला जातात, कारण काम चुकतं. ज्याला एक दिवस गावासाठी थांबता येत नाही, त्याने त्या गावात राहतो असं म्हणू नये. तो तिथे फक्त उतरलेला असतो.

आता बेटावर रोष साचला आहे आणि नियम येत आहेत. फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक परदेशी पर्यटकावर दीड लाख रुपियांचा कर आहे, म्हणजे आपले आठशेच्या घरात. पाहुण्यांनी कसं वागावं याची पत्रकं राज्यपालांनी काढली. सप्टेंबर २०२४ मध्ये दक्षिण बालीत नव्या हॉटेलांना आणि व्हिलांना स्थगिती देण्याचा इरादा सरकारने जाहीर केला. सप्टेंबर २०२५ च्या पुरात तिथे डझनाहून जास्त माणसं दगावली. पाऊस अतोनात पडला हे खरंच. पण शेतं गेली, पाणी मुरायला आणि वाहायला जागा उरली नाही, हेही त्या वेळी उघडपणे बोललं गेलं. भातखाचर हे पाण्याचं भांडं असतं. ते बुजवलं की पाणी माणसांच्या घरात शिरतं.

हे सगळं लांबचं म्हणून सोडून देऊ नका. २०२० नंतर मुंबई, दिल्ली, पुणे, बंगळूरहून माणसं लॅपटॉप घेऊन गोव्यात आली. आसगाव, शिवोली, हणजूण इथली घरभाडी गावातल्या पोरांच्या हाताबाहेर गेली. गोव्याकडेही सुबकसारखी जुनी ठेव आहे. खाडीकाठची खाजन शेती. बांध घालून खारं पाणी अडवायचं, भरती-ओहोटीप्रमाणे मानशीची, म्हणजे बांधातल्या झडपेची, दारं उघडायची-मिटायची, आणि हे सगळं गावकारीने, म्हणजे गावाच्या सामायिक संस्थेने, राखायचं. तिथेही बांध फुटतो आहे आणि दुरुस्त करायला माणसं उरत नाहीत. २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात १७(२) हे कलम घालून जमिनींचे झोन बदलायची वाट काढली गेली. लोक कोर्टात गेले, आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या कलमाखालचे नियम रद्द केले. गोवेकर भांडले म्हणून हे झालं. त्यांना पाहुण्यांचा द्वेष करणारे म्हणणं हा अन्याय आहे. घराला घर म्हणून राखणं हा द्वेष नसतो.

मग कुणी कुठे जाऊच नये का? जावं. समुद्र सगळ्यांचा आहे, आणि तरुणपणी जग पाहायला मिळणं हे भाग्यच. पण जाताना देणं ठाऊक असावं. व्हिसा ज्या कामाचा, तेच काम करा. इंडोनेशियात बारा महिन्यांत १८३ दिवसांहून जास्त राहिलात तर तिथल्या कायद्याने तुम्ही करदाते ठरता, तेव्हा कर भरा. ज्या रस्त्यावरून स्कूटर नेता तो त्याच करातून होतो. शेत बुजवून उठलेल्या व्हिलापेक्षा गावातल्या कुटुंबाच्या घरातली खोली घ्या, आणि भाड्यात घासाघीस करू नका. तिथली भाषा शिका, निदान 'सुक्स्म' म्हणायला शिका. धन्यवाद द्यायचा बाली शब्द आहे तो. घराच्या दारात रोज सकाळी नारळाच्या पात्याचा छोटा द्रोण फुलांसकट ठेवलेला दिसेल, त्यावर पाय देऊ नका. न्येपीला दिवे मालवून घरात बसा. आणि घरी परतल्यावर कुणी विचारलं, कसं आहे तिथे, तर 'स्वस्त' हा शब्द तोंडातून काढू नका.

भाची व्हिसा संपल्यावर पुण्याला परत आली. निघायच्या दिवशी इबूने तिच्या हातात तांदळाची पुरचुंडी ठेवली, खालच्या खाचरातला तांदूळ. भाची माझ्याशी पुन्हा भांडली नाही. एवढंच म्हणाली, "मी तिच्या पाटासाठी काहीच केलं नाही, मावशी."

धनगर निघतो तेव्हा कोकणातला शेतकरी त्याला सांगतो, पुढच्या साली याच शेतात बसवा. भटकेपणाची याहून मोठी पावती नाही. बाली असो की आसगाव, तुम्ही निघाल तेव्हा 'पुन्हा या' असं कुणी म्हणतंय का, ते कान देऊन ऐका. भाडं घेणारा ते म्हणेलच, पण तेवढ्याने भागत नाही. शेजारच्या खाचरात चिखलात उभ्या असलेल्या माणसाने ते म्हटलं पाहिजे.